कोळशाच्या खोकल्याबाबत लेखी खुलासा

श्रीयुत साडूसाहेब यांच्या सेवेशी,

आदरपूर्वक नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून चार वर्षं दोन महिन्यांनी लहान, पण नात्याने मोठे. तेव्हा हा नमस्कार नात्याला आहे. वयापुरता त्यातून वजा करून घ्यावा.) तिकडे परमुलखात तुमची, ताईंची आणि पोरीची प्रकृती उत्तम असणार असं मी धरून चालतो. नसती तर तुम्ही ते क्रमांक घालून मुद्देसूद कळवलं असतं. इकडे मी ठीक, तुमची मेव्हणी ठीक, दुकान ठीक. ज्याच्या प्रकृतीची तुम्हाला खरी काळजी आहे तो या क्षणी माझ्या कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर बसलेला आहे, त्यामुळे तारीख घालता आलेली नाही. वार गुरुवार आहे, एवढं लक्षात घ्यावं.

रविवारी फोनवर पोरीशी गप्पा चालल्या असताना कोळसा तिच्या डोळ्यांदेखत खोकला, पोर रडली, आणि अर्ध्या तासात तुमचा निरोप आला की, 'मांजराला खोकला का झाला याचा लेखी खुलासा करा. समाधानकारक नसल्यास शनिवारी प्राण्यांच्या वसतिगृहाची गाडी येऊन त्याला घेऊन जाईल.' वा! आमच्या दुकानात बिघडलेलं शिलाई मशीन आलं तरी मी आधी उघडून बघतो आणि मग भंगारात काढतो. तुमच्याकडे पद्धत वेगळी असेल. असो. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. पानांचे फोटो काढून तुमची मेव्हणी पाठवील. अक्षर बारीक वाटलं तर दोन बोटांनी मोठं करून घ्यावं. (मला हे माहीत आहे. कोणी शिकवलेलं नाही.)

आता पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सुरुवात करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी नीट दोरा ओवलेला नसतो. सहा आठवड्यांपूर्वी तुम्ही वर्षभराच्या नेमणुकीवर निघालात, आणि पोरीचा काळा बोका आमच्याकडे आला. सोबत एक टोपली, एक फणी, एक रबरी उंदीर (उजवा कान नसलेला, तो आमच्याकडे तुटलेला नाही, हे नोंदवून ठेवतो) आणि पोरीच्या हातची एक चिठ्ठी: 'काका, याला रागावू नका, तो फक्त दिसायला रागीट आहे.' इथवर सगळं माणसासारखं होतं. दोन दिवसांनी तुमचं खोकं आलं. आत पांढरं, उभं, हवा शुद्ध करण्याचं यंत्र. खोक्यावर उंची चोवीस इंच छापलेली. मी टेपने मोजली, तेवीस भरली. त्यात तुमचीही चिठ्ठी: 'कोळशाला स्वच्छ हवेची सवय आहे. यंत्र चोवीस तास चालू ठेवा.' नाव कोळसा, आणि त्याला हवा हवी धुतलेली! साडूसाहेब, या घरात मी त्रेपन्न वर्षं श्वास घेतो आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, समोरासमोर खिडक्या. तुम्ही स्वतः इथे पंधरा-पंधरा दिवस राहून गेलात, तेव्हा मी तुमच्या उशाशी एकही यंत्र आणून ठेवलं नव्हतं, आणि तुम्ही चांगले घोरत होतात.

तरी मी यंत्र लावलं. आलेल्या यंत्राचा अपमान करणं माझ्या रक्तात नाही. तुम्ही इंजिनियर झालात ते चार वर्षं बाकावर बसून. मी झालो ते बाराव्या वर्षी आईचं शिलाई मशीन जमिनीवर उघडून. परत जोडलं तेव्हा तीन स्क्रू उरले होते, आणि मशीन आधीपेक्षा कमी आवाज करत होतं. (ते तीन स्क्रू काचेच्या बाटलीत घालून दुकानात ठेवले आहेत. कंपनीने ते उगाच घातले होते, हे माझं मत आजही कायम आहे.) तेव्हा तुमच्या यंत्राचं माहितीपुस्तक मी तिसाव्या पानापर्यंत अक्षरन् अक्षर वाचलं. एकतिसाव्यापासून 'नवख्या ग्राहकांसाठी सूचना' असं शीर्षक होतं. मी नवखा नाही. पुस्तक मिटलं.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं की सात दिवसांत फरक जाणवेल. कोणाला, कशात, किती, काही नाही. असल्या वाक्याने माझं डोकं फिरतं. शिवाय आमच्या दुकानात येणारा एक शिंपी छातीठोकपणे सांगत होता की असली यंत्रं माणसाला चालतात पण मुक्या जनावरांच्या फुप्फुसांना बाधतात. त्याच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याचा पोपट गेला. (चौकशी केली. पोपट गेला हे खरं, पण उघड्या खिडकीतून.) म्हटलं, ऐकीव गोष्टींवर आपण जायचं नाही, आपण मोजायचं. मांजर झोपेत मिनिटाला किती श्वास घेतं हे बघायचं. तीसच्या आत असले तर ठीक समजतात. दुपारी जेवणानंतर कोळसा यंत्राशेजारच्या गादीवर आडवा होतो. मी समोर स्टूल टाकून, घड्याळ हातात घेऊन, त्याच्या बरगडीवर नजर ठेवून बसायचो. वही घातली, रकाने आखले: तारीख, वेळ, श्वास, यंत्रावरच्या दिव्याचा रंग, शेरा. पहिले सात दिवस श्वास चोवीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, असेच. दिव्याचा रंग निळा. निळा म्हणजे हवा स्वच्छ. सातही दिवस, चोवीसही तास निळा. म्हणजे तुमच्या यंत्रानेच लेखी दिलं की आमच्या घरातल्या हवेला धुण्याची गरज नव्हती. मी तुम्हाला तेव्हाच कळवणार होतो, पण तुमच्या मेव्हणीने हात धरला. म्हणाली, "जिंकलात ना? मग गप्प बसा की. एकदा तरी मनातल्या मनात जिंकून बघा."

पण यंत्र नुसतं उभं राहून निळं हसतंय, हे मला बघवेना. इथे तुम्हाला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, जी तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत. ज्या यंत्रात तेल नाही ते यंत्र नव्हे, शोभेची वस्तू. तीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या दहांतल्या सात मशीनचं दुखणं हेच: तेल नाही. तुमचं डबडं मी आतून-बाहेरून बघितलं. तेलाला कुठे भोकच नाही! आता याला मशीनचं तेल चालणार नाही, एवढं मलाही कळतं. हवेचं यंत्र, तेव्हा छातीचं तेल. आमच्या लहानपणी छाती भरली की निलगिरीचं तेल, नाक चोंदलं की निलगिरीचं तेल. मी मागचं झाकण काढलं आणि फिल्टरवर, म्हणजे हवा गाळणाऱ्या त्या घडीदार कागदावर, चार कोपऱ्यांना चार थेंब सोडले. (ड्रॉपरने. मी बाटली उपडी करणाऱ्यांतला नाही.) आणि काय सांगू! आठ दिवस मख्खासारखं निळं बसलेलं यंत्र एकदम लाल झालं, आतला पंखा घोंगावायला लागला. म्हटलं, बघा, याला काम करायची इच्छा होती, फक्त कोणी तेल विचारलं नव्हतं. लाल म्हणजे हवेत दोष सापडला, असं पुस्तकात होतं. मला वाटलं, इतके दिवस लपलेला दोष आता कुठे याच्या हाती लागतोय. तुमची मेव्हणी वर आली, म्हणाली, "नाक चुरचुरतंय माझं, काय केलंत?" मी म्हटलं, चुरचुरतंय म्हणजे पोचतंय.

पाचव्या दिवशी कोळसा खोकला. खोकला म्हणजे तुमच्यासारखा, घसा साफ करून लोकांना गप्प करण्यासाठी नव्हे. जमिनीलगत दबून, मान पुढे ताणून, कोरडा, खरखरीत, आणि झाल्यावर आपल्याकडे असं बघायचं की हे तुझंच काम. आधी वाटलं, पोटातल्या केसांचा गोळा असेल. फणीने रोज विंचरलं. खोकला तसाच. श्वास मोजले तर एकतीस. तेव्हा शिंप्याचं बोलणं आठवलं, आणि मला उजेड पडला: तुमचं यंत्रच मांजराची फुप्फुसं बिघडवतंय! मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलो की पदवीधर नातेवाइकांच्या भेटी घरात घेऊ नका. शिंपी म्हणाला, "मग बंद का करत नाही?" मी म्हटलं, बंद केलं तर सिद्ध कसं होणार? आणि साडूसाहेबांची आज्ञा चोवीस तासांची आहे. बरं, मांजराला वाऱ्यावर सोडणाराही मी नव्हे. यंत्राने जेवढी छाती बिघडते तेवढी तेलाने सुधारावी, म्हणून मी थेंब वाढवले. चाराचे आठ केले. श्वास छत्तीस झाले. म्हटलं, यंत्र भलतंच जोर करतंय, आपणही मागे हटायचं नाही. आठाचे बारा केले. श्वास चव्वेचाळीस. रविवारी पोरीने पाहिला तो खोकला या बाराचा.

पोर रडली त्यानंतर मी जेवलो नाही, हे तुम्हाला कळवण्याचं कारण नाही, म्हणून कळवत नाही.

मंगळवारी सकाळी दुकान बंद ठेवलं (तीस वर्षांत चौथ्यांदा) आणि कोळशाला टोपलीत घालून आम्ही दोघं जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे माझ्या निम्म्या वयाची मुलगी. मी मनात म्हटलं, हिला समजावून सांगावं लागणार. टेबलावर मांजर ठेवायच्या आधी मी वही ठेवली. तिने मांजराची छाती दोन्ही बाजूंनी तपासली, मग वही उघडली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. "काका, ही वही कोणी ठेवली?" मी जरा ताठ झालो. "इतकी व्यवस्थित नोंद घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलं नाही," ती म्हणाली. मी तुमच्या मेव्हणीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. तिला माझ्याआधी कळलं असावं. मग त्या मुलीचं बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली सरकायला लागलं. "हे 'चार थेंब' म्हणजे काय?"

"निलगिरी."

"मांजराच्या छातीला लावता?"

"छे छे! मांजराला कशाला? यंत्राला."

तिने पेन काढलं, श्वासांचे आकडे आणि थेंबांचे आकडे समोरासमोर रेघेने जोडले. शून्य थेंब, चोवीस. चार थेंब, एकतीस. आठ, छत्तीस. बारा, चव्वेचाळीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इथे तर मी हाताबरोबर रकाने आखून नेले होते. साडूसाहेब, एखादा हलगर्जी, वेंधळा माणूस असता तर त्याने नोंद ठेवली नसती, आणि तुमचं यंत्र आजही संशयात राहिलं असतं. मी नेमका माणूस, म्हणून पकडला गेलो.

तिने मग जे सांगितलं ते तुम्हाला मुद्द्यांत आवडलं असतं, पण मी सलग लिहितो. हवा नुसती गाळणारं यंत्र मांजर-कुत्र्याच्या फुप्फुसांना बाधत नाही. धूळ, केस कमी होतात, झाला तर फायदाच. काही यंत्रांत मात्र एक तिखट वासाचा वायू तयार होतो, ओझोन. तो माणसाच्याही छातीला वाईट, जनावरांच्या आणि पाखरांच्या तर फारच. तुमच्या यंत्रावर तसलं काही करणारं बटण नाही, हे तिने पुस्तकात बघून खात्री केली. (पुस्तक मी नेलं होतं. मी सगळं नेलं होतं.) पण सुगंधी तेलं, फवारे, वासाच्या वड्या हे मांजराला विष. त्याची श्वासनळी आवळते, अंगावर बसलेलं ते चाटतं, आणि पोटात गेलेलं तेल त्याचं शरीर आपल्यासारखं निपटू शकत नाही. "आणि तुम्ही तर ते पंख्यासमोर धरून चोवीस तास घरभर वाटत होतात," ती म्हणाली. यावर मी तिला विचारलं की हे कंपनीने छापायला नको का? तिने एकतिसावं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. खालून तिसरी ओळ. 'फिल्टरवर कोणतेही तेल अथवा सुगंधी द्रव्य टाकू नये.' मी म्हटलं, अक्षर बारीक आहे. तुमची मेव्हणी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दोन बोटांनी मोठं करा."

कोळशाला पाच दिवसांचं औषध दिलं, खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या, फिल्टर टाकून द्यायला सांगितला. फुप्फुसं शाबूत आहेत, वेळेवर आणलंत, असं ती म्हणाली. घरी येऊन टोपली उघडली, कोळसा बाहेर पडून सरळ माझ्याच स्टुलावर जाऊन बसला, तेव्हा तुमची मेव्हणी एवढंच म्हणाली, "वही छान ठेवली होती हो." तीस वर्षांच्या संसारात याहून लागेलसं ती काही बोललेली मला आठवत नाही.

तेव्हा मागवलेला लेखी खुलासा पुढीलप्रमाणे. खोकल्याचं कारण: तेल. तेल आलं कुठून: बाटलीतून. यंत्राचा दोष: नाही. (हे वाक्य लिहायला मला बाकीच्या आख्ख्या पत्राइतका वेळ लागला आहे.) मंगळवारी श्वास चव्वेचाळीस, बुधवारी पस्तीस, आज दुपारी सत्तावीस. वहीची नक्कल हवी असल्यास मागवावी.

ताईंना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

आपला,
स्वकष्टाने शिकलेला साडू

ता. क. (शुक्रवार): पत्र काल जायला हवं होतं. पण तुमच्या मेव्हणीने वाचलं आणि फोटो काढायला नकार दिला. 'तेल आलं कुठून: बाटलीतून' हे तिला पुरेसं वाटेना. बाटली कोणाच्या हातात होती ते लिहा, म्हणाली, नाहीतर फोन मिळणार नाही. मी दिवसभर विचार केला. तर बाटली माझ्या हातात होती. ड्रॉपरही माझाच.

दुसरा ता. क.: आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला. शनिवारची गाडी रद्द करावी. तुमच्या भाषेत सांगायचं तर चूक सापडली आहे, दुरुस्त झाली आहे, आणि ती मी पुन्हा करू शकत नाही, कारण बाटली शिंप्याला देऊन टाकली. शिवाय बरं होत आलेल्या मांजराला प्रवास सोसणार नाही, असं डॉक्टरांचं मत आहे. (डॉक्टरांनी असं मत दिलेलं नाही. पण विचारलं असतं तर दिलं असतं.) आणि पोरीला सांगताना 'काकांनी तेल घातलं' असं न सांगता 'यंत्रात तेल गेलं' असं सांगता आलं तर बघावं. सांगायचंच असेल तर मी स्वतः सांगेन. मी सांगतो. तुम्ही नका सांगू.

तिसरा ता. क. (शनिवार, सकाळी अकरा चाळीस): या दोन ता. कं.नी समाधान झालं, आल्यावर फोटो काढते, असं म्हणून तुमची मेव्हणी बाजारात गेली, आणि गाडी तिच्याआधी आली. माणूस वर आला, हातात पिंजरा आणि एक फॉर्म. मी त्याला थांबवून, पिंजरा घेऊन खाली गेलो आणि पिंजरा, गाडी दोन्ही तपासलं. पिंजऱ्याची कडी ढिली. ती मी पक्कडीने नीट करून दिली. पण आतल्या आरशाला झाडाच्या आकाराचा हिरवा सुगंधी पुठ्ठा लटकत होता, आणि मागे कसला तरी गुलाबाच्या वासाचा फवारा मारलेला. काचा बंद! वर येऊन मी त्याला विचारलं, मांजराच्या श्वासनळीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे? तो म्हणाला, "काका, मी ड्रायव्हर आहे." अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की मांजर पळून गेलं. मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही, त्यामुळे सराव नव्हता, आणि मी खिडकीकडे पाठ करून उभा होतो. त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. म्हणाला, "मग हे कोणाचं?" मी वळलो. कोळसा खिडकीत बसून अंग चाटत होता. मी म्हटलं, "हा आमचा."

त्याने फॉर्मवर 'मांजर पळाले' असं लिहून माझी सही घेतली आणि गेला. तुमची मेव्हणी फोन घरीच ठेवून गेली आहे, म्हणून हे सगळे फोटो मी स्वतःच काढून पाठवतो आहे, पहिल्यांदाच. एखादं पान उलटं आलं तर फोन उलटा धरावा. घाई एवढ्याचसाठी की वसतिगृहाचा फोन तुम्हाला कोणत्याही क्षणी येईल, आणि तो पोरीच्या कानावर पडता कामा नये. वसतिगृहाने विचारलं तर कोळसा पळाला. पोरीने विचारलं तर जेवला आणि झोपला.